तुरुंग फोडल्याचा सण

मुलांनो, एक बाग डोळ्यांपुढे आणा. उंच टेकडीवरची. महिना जुलैचा आहे, पण तुमच्याकडचा जुलै विसरा. मादागास्करच्या पठारावर तो थंडीचा महिना. भात कापून झालंय, रिकाम्या खाचरांत माणसं विटा पाडतायत, आणि संध्याकाळी भट्ट्यांचा धूर टेकडीपर्यंत चढून येतो. बागेत झाडाझाडाला निळे, पांढरे, तांबडे कागदी कंदील टांगलेत. टेबलांवर पांढऱ्या चादरी अंथरल्यात. बागेच्या कठड्यावरून खाली पाहिलं, तर लाल विटांची एक लांबलचक इमारत दिसते. तिच्या भिंतीच्या माथ्यावर काचांचे तुकडे रोवलेले आहेत.

आता असं समजा, की त्या इमारतीत तुमचे बाबा आहेत. आणि तुम्ही वर बागेत, पांढरे मोजे घालून, स्वातंत्र्याचं गाणं म्हणायला उभे आहात.

समजलात? मग तुम्ही साहुंद्राच्या जागी उभे आहात. ती अकरा वर्षांची होती, शाळेच्या गाण्याच्या चमूत दुसऱ्या रांगेत, आणि तिचे मोजे शेजारणीकडून मागून आणलेले होते.

तिचे बाबा तुवू गावातल्या छोट्या रेडिओवर सकाळी बोलत. कुणाचा बैल हरवला, कुणाकडे यंदा थडगं उघडून पितरांना नवी वस्त्रं नेसवायची आहेत, कुठल्या रस्त्यावरचा पूल वाहून गेला, असलं सगळं. एका सकाळी त्यांनी सांगितलं, की डोंगरापलीकडच्या ग्राफाइटच्या खाणीमुळे ओढ्याचं पाणी काळं झालंय आणि ते पाणी खाचरांत शिरतंय. खाण एका फ्रेंच कंपनीची होती आणि तिच्यात प्रांताच्या गव्हर्नरसाहेबांच्या मेहुण्याचा हिस्सा होता. हे दुसरं वाक्यही त्यांनी रेडिओवरच सांगितलं. त्याच आठवड्यात शिपाई आले. लोकांना भडकवलं, असा आरोप लागला. खटला काही उभा राहीना. आधी न्यायाधीश रजेवर होते, मग कागद राजधानीला गेले, मग ते कागद परत यायचे राहिले. तुवूंना नेलं तेव्हा भाताची लावणी चालली होती. आता कापणीही होऊन गेली होती.

तिथल्या तुरुंगात सरकार कैद्याला उकडलेला कसावा, म्हणजे साबुदाण्याचा कंद, देतं. भात हवा असला तर घरच्यांनी पोचवायचा. म्हणून साहुंद्राची आई रोज डबा घेऊन त्या विटांच्या इमारतीकडे जायची आणि रोज दारावरच्या शिपायाशी हसून बोलायची.

शाळेत चौदा जुलैची तयारी मे महिन्यापासूनच सुरू झाली होती. मादाम फारा गाणं शिकवायच्या, फ्रेंचही त्याच शिकवायच्या. गावच्याच होत्या, टापटिपीच्या, खडूचा हात कधी कपड्याला लागू द्यायच्या नाहीत. त्यांनी वर्गाला सांगितलं, "हा फ्रान्सचा सगळ्यात मोठा सण. त्या दिवशी पॅरिसच्या साध्यासुध्या लोकांनी राजाचा तुरुंग फोडला."

मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "मादाम, आत किती माणसं होती?"

"सात."

"सातच? आपल्या तुरुंगात त्याहून जास्त आहेत."

वर्ग हसला. मादाम फारा हसल्या नाहीत. "वह्या उघडा," म्हणाल्या, आणि साहुंद्राकडे बघायचं टाळून फळ्याकडे वळल्या.

त्याच सुमारास मस्यो वियालार साहुंद्राच्या घरी आला. मस्यो म्हणजे फ्रेंचांचं 'साहेब'. हा गावातला फ्रान्सचा मानद प्रतिनिधी. सुगंधी तेलाचा व्यापार करायचा, अर्धं आयुष्य त्याचं याच गावात गेलं होतं. गावची भाषा तो इतकी छान बोलायचा, की अंधारात ऐकलं तर कुणी शेजारीच आलाय असं वाटावं. दरवर्षी चौदा जुलैची मेजवानी त्याच्याच बागेत व्हायची. यंदा पॅरिसहून एक खास दूत येणार होते, म्हणून मेजवानी जरा मोठी होती. त्याला साहुंद्राच्या आजोबांशी काम होतं.

आजोबांचं नाव रावेलुसन, पण घरातले आणि बाहेरचे सगळेच त्यांना दादाबे म्हणत. दादाबे म्हणजे मोठे बाबा, आजोबा. पोट भरायला ते सुतारकी करत, पण त्यांचं नाव होतं ते बोलण्यासाठी. त्या मुलखात दोन घरांना एकमेकांशी काही मोठं बोलायचं असलं, मुलगी मागायची असो, मयताचं सांत्वन असो, जमिनीचा तंटा असो, तर त्याला एक रीत आहे. तिला कबारी म्हणतात. एका बाजूचा वक्ता उभा राहतो. आधी तो माफी मागतो, खूप माफी मागतो, कारण वडीलधाऱ्यांपुढे तोंड उघडणं हीच एक आगळीक. मग म्हणणं मांडतो. मग दुसऱ्या बाजूचा माणूस उठून उत्तर देतो. उत्तर हो असेल, नाही असेल, पण ते द्यावं लागतं, आणि ते येईपर्यंत पहिला वक्ता बसत नाही. एका लग्नात मुलीकडची मंडळी रुसली होती, तेव्हा दादाबे सकाळपासून ऊन कलेपर्यंत त्यांच्या अंगणात उभे राहिले होते. ते लग्न झालं.

"दादाबे," मस्यो वियालार म्हणाला, "दूतसाहेबांना आपल्या रीतिभाती फार आवडतात. त्यांना खरीखुरी कबारी ऐकायचीय. ते बोलतील, मग गावातर्फे तुम्ही बोला."

"खरीखुरी म्हणजे? खोटी कुठे मिळते का?"

मस्यो हसला. "तुमच्याशी बोलण्यात मी हरणारच."

"मग हरायला कशाला आलात? बिस्किटं ठेवा आणि जा."

मस्यो गेला नाही. बिस्किटांचा डबा चटईवर ठेवून तो जरा पुढे सरकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "तुवूचं मी विसरलेलो नाही. त्या संध्याकाळी दूतसाहेब स्वतः गव्हर्नरांच्या कानावर घालणार आहेत. फक्त एक करा. तुम्ही तिथे तो विषय काढू नका. असल्या गोष्टी हळू आवाजात होतात."

"किती हळू? लावणीपासून कान लावून बसलोय मी, काही ऐकू येत नाही."

"यंदा येईल," मस्यो म्हणाला.

तो गेल्यावर दादाबे म्हणाले, "मी जाणार नाही. जीभ बांधून कबारी करायची, तर मग पोपट न्या की."

साहुंद्राची आई तांदळातले खडे निवडत होती. तिने वर पाहिलं नाही. "जा," ती म्हणाली.

"सूनबाई, माझा मान—"

"तुमचा मान पेटीत घालून ठेवा काही दिवस. कसर लागणार नाही त्याला. रोज मी त्या शिपायाला हसून साहेब म्हणते. त्याच्या बायकोच्या गुडघ्यांची चौकशी करते. ते काय मला आवडतं म्हणून? डबा आत जावा म्हणून. तुम्हीपण एक संध्याकाळ हसा."

दादाबेंनी तिच्या तांदळातला एक खडा उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "बरं. मी गप्प राहीन. शब्द दिला."

साहुंद्राने तो शब्द ऐकला. तिला दादाबे ठाऊक होते. त्यांनी दिलेला शब्द म्हणजे भिंतीत बसवलेला दगड. त्या रात्री ती बऱ्याच दिवसांनी शांत झोपली. बाबा येणार, असं तिने मनात धरलं. चौदा जुलै, मग फार तर चार दिवस, मग बाबा.

आणि चौदा जुलै उजाडला.

संध्याकाळी बाग भरली. गव्हर्नरसाहेब आले. बेटाच्या स्वातंत्र्यदिनाला जेमतेम तीन आठवडे झाले होते. त्या दिवशी याच गव्हर्नरांनी मैदानावर मूठ आपटून सांगितलं होतं, की परक्यांनी आपलं रक्त शोषलं आणि अजून शोषतायत. आज ते पेला उजेडात धरून म्हणाले, "वियालार, यंदाची शॅम्पेन गेल्या वर्षीपेक्षा बरी आहे हं." पाद्रीबाबा आले, डॉक्टर आले, खाणीचे मॅनेजर आले, कापडवाले आले. तुवूंना पकडल्यावर यांतल्या बऱ्याच जणांनी मागच्या दाराने येऊन साहुंद्राच्या आईच्या हातात तांदूळ ठेवले होते. कुणाला सांगू नका, म्हणाले होते. आज ते सगळे पुढच्या दाराने आले आणि साहुंद्राला रांगेत उभी बघून त्यांना एकदम कंदिलांचं कौतुक वाटायला लागलं.

पॅरिसचे दूत उंच, गोरेपान, बोलायला अगदी गोड. कठड्याशी उभं राहून त्यांनी खाली बोट दाखवलं आणि मस्यो वियालारला फ्रेंचमध्ये विचारलं, "ती लाल इमारत कसली? छान आहे."

"जुनी आहे. इथे आपलं राज्य होतं त्या काळात बांधलेली."

"आपण विटांचं काम सुरेख करायचो," दूत म्हणाले.

साहुंद्राला फ्रेंच कळत होतं. वर्गात तिचा पहिला नंबर होता. पण हातात कागदी झेंडा घेतलेलं मूल ऐकत असेल, असं मोठ्यांच्या सहसा मनात येत नाही.

मुलांनी पहिलं गाणं म्हटलं, बेटाचं राष्ट्रगीत. दुसरं, फ्रान्सचं, भाषणांनंतर म्हणायचं होतं, म्हणून मादाम फारांनी रांग तशीच ठेवली आणि स्वतः दुभाषी म्हणून मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. दूतसाहेब तीन पायऱ्यांच्या ओट्यावर चढले. सगळ्यांना वाटलं होतं ते फ्रेंचमध्ये सुरू करतील. पण त्यांनी दोन्ही हात पुढे जोडून, जरा वाकून, चक्क गावच्या भाषेत सुरुवात केली.

"माफी मागतो," ते म्हणाले. उच्चार अडखळत होते, पण शब्द बरोबर होते. "मी धाकटा, वडीलधाऱ्यांपुढे बोलतो आहे. दोष माझ्या माथी येऊ नये. तुमचं दुःख ते आमचं दुःख. ते आमच्यापुढे मांडा. आम्ही ऐकू आणि आम्ही उत्तर देऊ."

बागेत हशा आणि टाळ्यांची एकच लाट उठली. पाठ करून आलेत, किती गोड, असं बायका एकमेकींना सांगू लागल्या. दूतसाहेब हसले, खिशातून कागद काढला आणि पुढचं फ्रेंचमध्ये वाचलं. स्वातंत्र्य, समता, बंधुता. तुरुंगाच्या भिंती लोकांच्या हातांनी कशा कोसळल्या. जगात कुठेही अन्याय होवो, फ्रान्सचं काळीज कसं हलतं. गव्हर्नरसाहेब मान डोलवत होते.

साहुंद्रा दादाबेंकडे बघत होती. ते टाळ्या वाजवत नव्हते. ओट्यासमोर, पांढरी शाल खांद्यावर घेऊन, काठीवर दोन्ही हात ठेवून ते उभे होते, आणि त्यांचा चेहरा बदलत चालला होता. ती सुरुवातीची चार वाक्यं बाकीच्यांना खेळ वाटली. एखाद्या पाहुण्याने नाकात नथ घालून दाखवावी तसा. पण कबारीत ती वाक्यं खेळ नसतात. घराच्या मालकाने, किंवा त्याच्या वतीने बोलणाऱ्याने, सर्वांदेखत 'दुःख मांडा, उत्तर देऊ' म्हटलं, की तो बांधला गेला, आणि ज्याला विचारलं तोही बांधला गेला. त्या मुलखातला कुठलाही म्हातारा त्याचा हाच अर्थ लावेल. दादाबेंनी तोच लावला.

त्यांची पाळी आली. बाग शांत झाली.

"माफी मागतो," दादाबे म्हणाले. "आधी बोलावं इतका मी मोठा नाही आणि शेवटी बोलावं इतका शहाणा नाही. या टेकडीवर माझ्याआधी जे बोलून गेले आणि आता मातीत आहेत, त्यांची माफी. इथल्या बायकांची, इथल्या लेकरांची माफी. माझ्या बोलण्याने कुणाच्या जेवणाची चव गेली तर त्याचीही माफी.

"मी आज गप्प राहायचा शब्द देऊन आलो होतो. तो शब्द मी पाळला असता. पण यजमानांनी आत्ता, तुम्हा सगळ्यांसमोर, माझ्या भाषेत मला विचारलं, की तुझं दुःख काय. मालकाने विचारावं आणि पाहुण्याने लपवावं, हा त्याच्या घराचा अपमान आहे. म्हणून सांगतो.

"खाली ती विटांची इमारत आहे. तिच्यात माझा मुलगा आहे. त्याने चोरी केली नाही, कुणावर हात उगारला नाही. तो म्हणाला पाणी काळं आहे, आणि पाणी काळं आहे. ज्याला खात्री करायची त्याने जाऊन बघावं. तुमचा आजचा सण कशाचा, ते मला माझ्या नातीने समजावून सांगितलंय. तेव्हा माझं मागणं मांडायला याच्याहून योग्य घर मला कुठे सापडणार? गव्हर्नरसाहेब समोरच आहेत. त्यांच्याकडे माझा मुलगा मागा. एवढंच माझं दुःख. आता मी तुमच्या उत्तरासाठी थांबतो."

पेल्यातला बर्फ हलल्याचा तेवढा आवाज आला. मग सगळ्यांच्या माना मादाम फारांकडे वळल्या, कारण दूतसाहेबांना त्यातलं काही कळलेलं नव्हतं आणि ते हसऱ्या चेहऱ्याने वाट बघत होते. मादाम फारांनी मस्यो वियालारकडे पाहिलं. त्याने मान अगदी थोडीशी आडवी हलवली.

मादाम फारांनी ओठ ओले केले आणि सुरेख फ्रेंचमध्ये म्हणाल्या, "दादाबे म्हणतात, की दोन देशांची मैत्री फार जुनी आहे. पूर्वजांच्या साक्षीने ते या सुंदर संध्याकाळबद्दल आभार मानतात आणि दूतसाहेबांना उदंड आयुष्य चिंतितात."

टाळ्या वाजल्या. आधी पाहुण्यांच्या, मग, एक श्वास थांबून, गावच्यांच्या. ज्यांना एकच भाषा कळत होती त्यांनी आणि ज्यांना दोन्ही कळत होत्या त्यांनी, सगळ्यांनी सारख्याच जोराने टाळ्या वाजवल्या. पाद्रीबाबांनीही वाजवल्या. दूतसाहेबांनी छातीला हात लावला, पेला उंच केला, "आपल्या मैत्रीला" म्हणाले आणि ओट्यावरून उतरून लोकांत मिसळले. ताटं फिरू लागली. मांस भाजल्याचा वास सुटला.

दादाबे उभेच होते.

पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं नाही. ताटं घेऊन फिरणारे त्यांना वळसा घालून जात होते, पाण्यातल्या खुंटाला वळसा घालावा तसे. मग एका पाहुणीने त्यांचा फोटो काढला. मग वियालारची बायको खुर्ची घेऊन आली.

"बसा ना, दादाबे. चीज खाणार थोडं?"

"उत्तर आलं की बसतो, मादाम."

ती गेली आणि पाद्रीबाबा आले. "रावेलुसन, झालं आता. बस बाबा. देव बघतोय."

"बघू दे. त्याला मी विचारलेलं नाही. ह्यांना विचारलंय."

मग स्वतः गव्हर्नरसाहेब आले, हातात काडीला टोचलेला मांसाचा तुकडा. आवाजात लाडिक जवळीक आणून म्हणाले, "म्हातारबुवा, पाय दुखतील."

"दुखतायतच."

"उत्तर मिळालं की तुम्हाला. एवढ्या टाळ्या वाजल्या."

"टाळी म्हणजे उत्तर नव्हे, साहेब. तुमची सोयरीक मागायला मीच उभा होतो. त्या दिवशी मुलीकडच्यांनी नुसत्या टाळ्या वाजवल्या असत्या, तर तुम्ही अजून सडेच राहिला असता."

शेजारचे दोघंतिघं हसले आणि लगेच हसायचे थांबले. गव्हर्नरसाहेबांनी तुकडा तोंडात टाकला. "थंडी पडतेय," म्हणाले. "तुवूलाही खाली गारठा लागत असेल. तो वाढू नये असं वाटत असेल, तर बसा." आणि निघून गेले.

मादाम फारा रांग सरळ करायला आल्या, तेव्हा साहुंद्राने हळूच विचारलं, "मादाम, तुम्ही बाबांचं सांगितलं नाही."

"मोजा वर घे तुझा."

"मादाम, तुम्ही एकही वाक्य सांगितलं नाही."

मादाम फारांनी खाली वाकून स्वतःच तिचा मोजा वर ओढला. त्यांचे हात गार होते. "सांगितलं असतं तर त्यांना सगळ्यांसमोर काहीतरी बोलावं लागलं असतं," त्या पुटपुटल्या. "मग गव्हर्नर चिडले असते. त्रास तुझ्याच बाबांना झाला असता. माझ्या नोकरीचं सोड. मोठी झालीस की कळेल तुला."

"मला आत्ताच कळलं," साहुंद्रा म्हणाली.

रांगेच्या मागेच, कंदिलाखाली, दूतसाहेब आणि मस्यो वियालार येऊन उभे राहिले. दूतसाहेब फ्रेंचमध्ये म्हणाले, "ते गृहस्थ अजून उभे का?"

"इथली पद्धत आहे."

"किती भव्य दिसतात. बरं, ते खरं काय म्हणाले? तुमचा चेहरा उतरला होता."

मस्यो वियालारने सांगितलं. सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. साहुंद्राने प्रत्येक शब्द पारखून घेतला. त्याने अगदी नीट भाषांतर केलं, मादाम फारांनी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

"वाईट वाटतं," दूतसाहेब म्हणाले. "मनापासून वाईट वाटतं मला. पण खाणीचा नवा करार सप्टेंबरात व्हायचाय. तोवर गव्हर्नरला दुखवून कसं चालेल?"

"मी त्यांना सांगितलं होतं, की तुम्ही गव्हर्नरांशी बोलाल."

"मला बोलला होतात का तुम्ही तसं?"

"योग्य वेळ बघून बोलणार होतो."

"मग ठीक. करार झाल्यावर बघू."

"करार झाल्यावर बघू, असं सांगू त्यांना?"

"छे, काहीच सांगू नका. एका म्हाताऱ्या माणसाला आजच्या दिवशी नाही म्हणायचं? किती वाईट दिसेल ते." दूतसाहेबांनी पेल्यात पाहिलं. "थकले की बसतील."

साहुंद्राला माहीत होतं, ते बसणार नाहीत. पाय थरथरू लागले होते त्यांचे. काठीचं टोक मातीत रुतत चाललं होतं. समोरचा ओटा रिकामा होता आणि दादाबे त्या रिकाम्या ओट्याकडे असे बघत होते, की जणू आत्ता तिथे कुणी येईल. त्यांना वाटत होतं, उत्तर अजून ठरतंय. मोठी माणसं विचार करतायत. हो म्हणायच्या आधी वेळ लागतोच. साहुंद्राला ते त्यांच्या मानेवरून दिसत होतं. इतक्या माणसांत फक्त त्यांनाच अजून आशा होती.

बाबा येणार नव्हते. चार दिवसांनी नाही, सप्टेंबरातही नाही. हे बागेत सगळ्यांना ठाऊक होतं आणि ज्याचा मुलगा होता त्याला सांगायला कुणी तयार नव्हतं, कारण ते वाईट दिसलं असतं.

"चला, उभे राहा नीट," मादाम फारा म्हणाल्या. "आता आपलं गाणं." त्यांनी हात वर केला. बाग गप्प झाली. दूतसाहेबांनी पेला ठेवला आणि ताठ उभे राहिले.

साहुंद्रा रांगेतून बाहेर पडली. झेंडा तिने रांगेतल्या शेजारच्या मुलीच्या हातात दिला. मादाम फारांचा हात हवेत तसाच राहिला. गवत ओलांडून ती ओट्यापाशी गेली, तीन पायऱ्या चढली, यजमानांच्या जागेवर उभी राहिली आणि आजोबांकडे तोंड करून वळली.

"माफी मागते," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण ऐकू जात होता. "मी मूल आहे आणि मुलाने इथे उभं राहू नये. मी पाहुणी आहे आणि यजमानांच्या जागी बोलते. दोष लागला तर मला लागू दे. यजमानांना उत्तर द्यायला वेळ मिळाला नाही, म्हणून मी देते."

मस्यो वियालार दोन पावलं पुढे आला. पण फोटो काढणारी पाहुणी त्याच्या वाटेत उभी होती, आणि पाहुण्यांदेखत एका मुलीला हाताला धरून ओढणं बरं दिसलं नसतं. तो थांबला.

"दादाबे, तुमचं बोलणं आमच्यापर्यंत पोचलं. सगळं कळलं. ज्यांना तेव्हा कळलं नाही त्यांना मागाहून सांगितलं गेलं, आणि नीट सांगितलं गेलं. आम्हाला वाईट वाटतं. पण खाणीचा करार व्हायचा आहे. तुमचा मुलगा आम्ही मागणार नाही. आज नाही आणि नंतरही नाही. हे आमचं उत्तर आहे. तुम्ही खूप वेळ उभे राहिलात. आता बसा."

दादाबेंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी मान खाली घातली, कारण उत्तर आलं होतं, आणि उत्तर देणाऱ्याचे आभार मानायचे असतात, ते काहीही असलं तरी. "आभारी आहे," ते म्हणाले. मागे हात करून त्यांनी खुर्ची चाचपली आणि तिच्यात हळूहळू बसले, आणि बसल्यावर एकदम लहान दिसायला लागले.

बागेत कुणी टाळी वाजवली नाही. दूतसाहेब हसऱ्या चेहऱ्याने मादाम फारांकडे बघत होते, दुभाषीने सांगावं म्हणून. मादाम फारा जमिनीकडे बघत होत्या.

तेव्हा साहुंद्रा ओट्यावरच दूतसाहेबांकडे वळली आणि पहिल्या वाक्यापासून, आधी दादाबेंचं आणि मग स्वतःचं, सगळं फ्रेंचमध्ये सांगायला लागली.